लिफ्टकाकांची सही

आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर पोचलेली अफवा अशी होती: लिफ्टकाकांनी शाळेच्या मोठ्या बाईंना लिफ्टमध्ये कोंडलं आणि "फॉर्म बदलता की नाही?" असं विचारत पाऊण तास अधांतरी लटकत ठेवलं. तळमजल्यावर ही अफवा जन्मली तेव्हा दहाच मिनिटांची होती. मजले चढता चढता तिनं चांगलं बाळसं धरलं.

खरं सांगायचं तर शाळेला लिफ्टच नाही. दुमजली शाळा, तिला लिफ्ट कशाला? आणि माणसं कोंडणं हा काकांचा धंदा नव्हे. गेली सव्वीस वर्षं ते लिफ्ट दुरुस्त करतात आणि अडकलेल्यांना बाहेर काढतात.

त्यांची एक रीत आहे. काम झालं की लिफ्टमधल्या कार्डावर तारीख घालायची, काय काय तपासलं ते लिहायचं आणि खाली सही ठोकायची. मग एकट्यानं आत शिरून खालपासून वरपर्यंत तीन फेऱ्या मारायच्या. त्यानंतर लोकांनी चढायचं. काम शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सही करणाऱ्यानं आधी स्वतःचं वजन टाकायचं." स्वतःच्या घरी, सहाव्या मजल्यावर, मात्र काका जिन्यानं जातात. बाहेरून लिफ्ट ऐकता येते म्हणतात.

तर सोमवारी त्यांची लेक चिमी शाळेतून फॉर्म घेऊन आली. नदीकाठी दोन दिवसांची सहल, तंबू, होड्या.

"बाबा, सही. इथं, ठिपक्यांवर."

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. पाल्यास कोणतीही इजा, आजार वा अपघात झाल्यास शाळा, शिक्षक व व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे.

"हं. असं बघ," काका म्हणाले. त्यांचं प्रत्येक वाक्य या दोन पायऱ्या चढूनच वर येतं. "शाळा जबाबदार नाही, शिक्षक नाहीत, व्यवस्थापन नाही. मग तुझ्याबरोबर होडीत आहे तरी कोण?"

"सगळ्यांच्या बाबांनी केल्यात सह्या! कुणी वाचलंसुद्धा नाही!"

"तेच तर."

"करून टाका हो," स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "जगाचं एक आणि तुमचं एक! पोरीचं तोंड बघा कसं झालंय." मग चिमी पाय आपटत आत गेल्यावर काकू हात पुसत बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तिला पोहता कुठं येतं?"

काकांना नेमकं हेच टोचत होतं.

शुक्रवारी शाळा सुटेपर्यंत फॉर्म आला नाही तर यादीतून नाव कटणार होतं. तीन दिवस चिमी बापाशी "हो", "नाही" आणि "माहीत नाही" एवढ्यावरच भागवत होती. प्रस्तुत लेखिका सातव्या मजल्यावर राहते आणि वर्गात चिमीच्याच बाकावर बसते, त्यामुळे उरलेले सगळे शब्द तिला ऐकावे लागले. गुरुवारी जिन्यात काका भेटले तेव्हा तिच्या जिभेला हाड राहिलं नाही.

"काका, तुम्ही सही करणार नाही. काळ्या दगडावरची रेघ!"

"आणि केली तर?"

"तर महिनाभर लिफ्टला हात लावणार नाही."

"हं. असं बघ, सातवा मजला आहे."

"बघितलाय."

शुक्रवारी काका अर्ध्या दिवसाची रजा टाकून, ग्रीसचे डाग पडलेल्या गणवेशातच मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. चिमी दाराबाहेर उभी होती. बापानं आता आपली शोभा करू नये, म्हणून येतील तेवढ्या देवांना हाका मारत होती.

"नियम सगळ्यांना सारखा," बाई म्हणाल्या. "सही नाही, तर सहल नाही. समजलं?"

"समजलं, बाई. भांडायला नाही आलो. नदी आहे, पाय घसरू शकतो. आमची पोरगी घरात सपाट फरशीवरसुद्धा पडते. तेवढं मी माझ्या सहीनं कबूल करतो. पण तुम्ही काय काय बघणार, ते या कागदावर कुठंच नाही. आमच्या लिफ्टला कार्ड असतं. तपासलं काय, तपासलं कुणी. तसं काही असतं तर मी सोमवारीच सही केली असती."

बाईंनी फॉर्म पुढ्यात ओढून पुन्हा एकदा वाचला. मग वर्गात कुणी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू? हा कागद मला वरून आला. बावीस वर्षं सहली नेते मी. परतीच्या बसमध्ये डोकी मोजून होईस्तोवर घास उतरत नाही घशाखाली. आणि आजवर एका पालकानं विचारलं नाही, की बाई, तुम्ही काय बघता?"

"मग मी विचारतो. तुम्ही सांगा, मी लिहितो."

पाऊण तास लागला तो इथं. फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर काकांच्या कार्डछाप अक्षरात एकेक गोष्ट उतरत गेली. होडीतल्या लाइफ जॅकेटांपाशी गाडी अडली. बाईंनी नदीकाठच्या होडीवाल्यांना फोन लावला. मुलं बेचाळीस आणि लहान मापाची जॅकेटं सव्वीस.

"बाकीची जरा सैल आहेत, पण चालतात," फोनमधला माणूस म्हणाला.

काका पुटपुटले, "सैल जॅकेट म्हणजे जॅकेट वर आणि पोर खाली."

"सोळा जॅकेटं, मुलांच्या मापाची, दोन दिवसांत," बाई फोनमध्ये कडाडल्या. "नाहीतर आम्ही येत नाही. समजलं?"

तिकडच्याला समजलं.

शेवटची ओळ काकांनी न विचारताच लिहिली: होडीत आधी मोठी माणसं बसतील.

"म्हणजे मी?" बाई दचकल्या. "अहो, मला पोहता येत नाही!"

"माझ्या पोरीलाही नाही, बाई."

बाईंनी पेन घेतलं आणि मागच्या बाजूला सही केली. मग काकांनी कागद उलटला आणि ठिपक्यांवर, सावकाश, आपली सही केली.

सहलीत बाई नारिंगी जॅकेट घालून पहिल्या होडीत बसल्या. "अगं आई गं!" आणि "हळू रे बाबा!" यांच्या तालावर त्यांनी तीन फेऱ्या पुऱ्या केल्या. काठावरून बेचाळीस जणांनी टाळ्या पिटल्या आणि मग सगळे चढले. परत आल्यावर बाईंनी तो कागद काकांकडे पाठवला. खाली नवी ओळ होती: "परत आले, बेचाळीस. आभारी आहे." काका तो हत्यारांच्या पिशवीत पान्यांबरोबर ठेवतात. कागदाच्या त्या पाठीची प्रत आता शाळेच्या प्रत्येक फॉर्मला जोडलेली असते, आणि सही करण्याआधी पालक ती चक्क वाचतात.

चिमीनं आभार वगैरे मानले नाहीत. काका कामावरून आले तेव्हा तिनं त्यांच्या हातातली ती जड पिशवी घेतली आणि सहा मजले त्यांच्यापुढे चढत गेली. पायऱ्या दिसत नव्हत्या म्हणे काकांना नीट, चष्मा पुसावा लागला.

राहिली पैज. आज बारावा दिवस, लेखिका काकांच्या मागोमाग जिना चढते आहे. चौथ्या मजल्यावर काका थांबतात, भिंतीला तळहात लावतात आणि म्हणतात, "हं. असं बघ, दोर बरोबर चाललाय." लेखिकेला त्यांची नक्कल हुबेहूब येते, त्या "हं"सकट. धाप लागलेली असल्यामुळे सध्या प्रयोग बंद आहेत.