जालन्यातले नऊ चिनी वाचक

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जालन्याच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवत होते आणि पीएच.डी. करत होते. माझ्या मार्गदर्शक सरांची कीर्ती एकाच शोधावर उभी होती: चिनी माणसाला अक्षर दिसलं की आधी उच्चार आठवतो, अर्थ मागून येतो. शोध त्यांनी परदेशात लावला होता. त्यांना स्वतःला चिनी येत नव्हतं, पण हा विषय कुणी काढत नसे. तोच प्रयोग पुन्हा करायचा आणि तेच उत्तर आणायचं, एवढंच माझं स्वतंत्र संशोधन.

चिनी वाचक कुठून आणायचे, हा प्रश्न सरांना पडला नव्हता. माझ्या सुदैवाने एका लोखंडाच्या कारखान्यात भट्टी बसवायला नऊ चिनी तंत्रज्ञ आले. मी कॉम्प्युटर रिक्षात घालून त्यांच्या लॉजवर नेला. पडद्यावर सरांच्या यादीतलं एक अक्षर क्षणभर चमकायचं, लगेच दुसरं यायचं. ते मोठ्याने वाचायचं. दोन्हींचा उच्चार सारखा असला तर वाचन जलद व्हायला हवं होतं. झालं नाही.

"पुन्हा करा," सर म्हणाले. "बराबर येईल."

पुन्हाही आलं नाही. तेव्हा त्यांच्यातल्या वयस्कर तंत्रज्ञाने मोडक्या इंग्रजीत, संकोचत सांगितलं, "यातली निम्मी अक्षरं जुन्या वळणाची आहेत. आम्ही शाळेत सोपी केलेली शिकलो. शिवाय आमच्यातले चौघं दक्षिणेचे, घरी उच्चार वेगळे." मग त्याने बसून सगळी यादी नव्या वळणात लिहून दिली. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

सरांना सांगितलं. "अक्षर म्हणजे अक्षर," नऊ जणांचे फोटो आणि नोंदी चाळत ते म्हणाले. "तुम्ही उगं डोकं चालवून राह्यल्या. हा चष्मेवाला काढून टाका. हे दोघं सुस्त दिसतात, हेबी काढा."

काढता काढता नऊपैकी चार उरले, आणि त्या उरलेल्यांत शोध दिमाखात सिद्ध झाला.

मी नव्या यादीने नऊही जणांवर प्रयोग केला. सरांचा निष्कर्ष मिळाला नाही, तसंच प्रबंधात लिहिलं. सरांनी एक वाक्य घातलं: जालन्याच्या कडक उन्हाळ्यामुळे वाचकांचं लक्ष विचलित झालं असावं. प्रयोग डिसेंबरात झाला होता. मी वाक्य खोडलं, त्यांनी सही नाकारली. दुसरे मार्गदर्शक मिळून पदवी हाती येईपर्यंत दीड वर्ष गेलं.

मधल्या काळात एका परिषदेत सरांनी जाहीर केलं की शोध भारतातही खरा ठरला. मी मागच्या रांगेतून उठून विचारलं, "सर, बाकीचे पाच वाचक कुठे गेले?"

"चांगला प्रश्न आहे. चहाच्या वेळी बोलू," ते म्हणाले.

चहाच्या वेळी सर दिसले नाहीत.