जवसाच्या तेलाची राखण

"फेकून राहिली का? मले दे."

स्टाफरूममध्ये कुणी डब्यासोबत कांदा सोलला की मॅडमचा हात पुढे यायचा. सालं रुमालात बांधून त्या प्रयोगशाळेत न्यायच्या. अशा एखाद्या सवयीवरूनच माणूस आपल्या लक्षात राहतो, तुम्हीही पाहिलं असेल. भिलाईच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, मी वनस्पतिशास्त्र. त्यांचे वडील भंडाऱ्याहून इथल्या पोलाद प्लांटच्या नोकरीला आलेले. मॅडमची बोली तिकडचीच राहिली.

मंडीतून कांद्याच्या सालांची पोती मॅडम ऑटोत घालून आणायच्या तेव्हा कॉलेजातली मुलं हसायची. मॅडम हसू द्यायच्या.

अहिवाऱ्याजवळच्या एका गावात बायकांचा गट जवसाचं तेल काढायचा. ते लवकर खवट व्हायचं, विकण्याआधीच. सालांचा अर्क घातला तर तेल टिकेल, असं मॅडमचं म्हणणं. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "हवा तेलाले खाते. हे साल दोघांच्या मधात उभं राहते."

पहिल्या वेळी तेल कडू झालं. बायकांनी ते ओतून दिलं. मॅडम स्वतः गावात गेल्या, अंगणात बसून सगळ्यांचं बोलणं खाली मान घालून ऐकलं आणि परत येऊन पुन्हा सालं धुवायला घेतली.

मग त्यांना मोठा ताप आला. बऱ्या होऊन आल्यावर एकदा प्रयोगशाळेत स्पिरिट सांडलं. मला दारातच वास आला. मॅडम त्या सांडलेल्या स्पिरिटशेजारीच उभ्या राहून बर्नर पेटवत होत्या. मी हात धरला.

त्यांनी काडेपेटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मले वास येत नाही आता. कोणाले सांगू नको."

त्या दिवसापासून त्यांच्या बाटल्यांचा वास मी घेऊ लागले. त्यांची एकच अट होती. "खरं सांगजो. माह्यं मन राखू नको."

मी कित्येकदा खवट म्हटलं. दर वेळी त्या मान हलवायच्या आणि नव्याने सुरुवात करायच्या. शेवटी उन्हाळ्यात दोन बाटल्या खिडकीत ठेवल्या, एक साधी आणि एक अर्काची. तपासणीची ठरवलेली मुदत संपायला थोडे दिवस असताना मॅडम झोपेतच गेल्या.

ठरल्या दिवशी गटातल्या बायका आल्या. साधी बाटली उघडताच खवट दर्प आला. दुसरीतलं तेल गटातल्या वयस्क बाईंनी तळहातावर घेतलं, हुंगलं, चाखलं. "बने हे," छान आहे, असं त्या छत्तीसगढीत म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

मॅडमच्या वैशाली नगरच्या घरी त्यांच्या मागे झालेल्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला या बायकांनी त्याच तेलात कालवलेली चटणी आणली. जेवताना मॅडमच्या यजमानांनी भाकरीसोबत पहिला घास घेतला आणि हात तसाच राहिला.

"हिले सांगाले पायजे होतं," ते हळूच म्हणाले.

गटातल्या त्या वयस्क बाईंनी त्यांच्या ताटात आणखी थोडी चटणी वाढली.