मोहोरबंद पेटी

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या काकांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट ठामपणे सांगितलेली नाही. सूर्य उगवला की नाही, हेसुद्धा! सकाळी फाटकाशी मी म्हणायचो, "काका, काय ऊन पडलंय!" काका आभाळाकडे बघायचे, कपाळावरचा घाम पुसायचे आणि म्हणायचे, "अ‍ॅपरंटली." म्हणजे वरवर पाहता तसं दिसतं बुवा, आतलं आपल्याला काय माहीत! एकदा मी त्यांच्या घरच्या फोनवर विचारलं, "काका, घरी आहात का?" तर त्यालाही उत्तर हेच.

हा शब्द त्यांना नोकरीत चिकटला. कारखान्याच्या स्टोअरमध्ये बत्तीस वर्षं त्यांनी मालाची पडताळणी केली. मोहोरबंद पेटी फोडायचा अधिकार त्यांना नव्हता. लेबल वाचायचं, पेटी जराशी हलवून बघायची आणि रजिस्टरात लिहायचं, 'माल अ‍ॅपरंटली पूर्ण, अ‍ॅपरंटली सुस्थितीत.' पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हेडक्लार्कने बजावलं होतं, "जे आपल्या डोयानं पायलं नाही, त्याची ग्वाही द्यायची नाही." काकांनी तो मंत्र घेतला तो घेतलाच. रिटायर झाले तेव्हा स्टोअरच्या किल्ल्या परत केल्या, शब्द मात्र घरी घेऊन आले.

त्यांच्याबरोबर आमच्या पावर हाउस भागातल्या बाजारात जायची छाती फक्त माझी. टरबूजवाल्याने टरबुजाला त्रिकोणी चीर पाडून लालबुंद फोड समोर धरली. काका म्हणाले, "इधर से तो लाल है. अ‍ॅपरंटली." त्याने चिडून दुसऱ्या बाजूने चीर पाडली. मग तिसऱ्या. सहाव्या चिरेनंतर टरबुजाची पार जाळी झाली, तेव्हा तो बिचारा हात जोडून म्हणाला, "बाबूजी, अब इसमें देखने को बचा क्या है?" चरोदा गावी त्यांच्या पुतणीच्या लग्नात तर काकांना माइक देण्याची चूक झाली. "वधू-वर अ‍ॅपरंटली आनंदात आहेत," एवढंच म्हणून ते खाली बसले. वधूची आई जी रडायला लागली, ती पाठवणीपर्यंत थांबली नाही. मी खांबाआड जाऊन पोट धरून हसलो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

या माणसाबरोबर संसार केला काकूंनी. त्यांची मागणी एकच होती. गणपतीत महाराष्ट्र मंडळात जायला निघाल्या की नवी साडी नेसून पुढे उभ्या राहायच्या. "कशी दिसून राहिली मी?"

"चांगली. अ‍ॅपरंटली."

काकू माझ्याकडे वळायच्या. "पाय रे बाबू! चाळीस वर्सं झाली, अजून माही पडताळणी बाकीच आहे! एकदा तरी म्हणा ना हो, चांगली दिसते म्हणून. नुसतं चांगली!" काका चपला शोधायला लागायचे. दर वर्षी.

गेल्या उन्हाळ्यात काकूंचे पाय सुजायला लागले. जिना चढताना मधेच बसायच्या. काका विचारायचे, "काय झालं?" त्या म्हणायच्या, "कुठं काय! मले काहीच नाही झालं." ज्या माणसाने टरबुजाला सहा चिरा पाडायला लावल्या, त्याने हे लेबल मात्र एकदा वाचलं आणि सोडून दिलं. "तब्येत ठीक आहे, अ‍ॅपरंटली," हे मलाही त्यांनी तेव्हा फाटकाशी सांगितलं होतं. मी हसलो होतो.

पावसाळा सरायच्या आत काकू गेल्या.

तेव्हापासून तो शब्द आमच्या गल्लीत ऐकू येत नाही. परवा मी विचारलं, "काका, बरे आहात ना?" ते म्हणाले, "नाही." बस, एवढंच. पुढेमागे काही नाही. इतक्या वर्षांनी या माणसाच्या तोंडून एक ठाम उत्तर निघालं आणि मी फाटकाची कडी काढून आत गेलो. यंदाच्या गणपतीत काकांनी काकूंची नवी साडी कपाटातून काढून पलंगावर ठेवली होती. मला बोलावून म्हणाले, "चांगली दिसली असती." मग चपला शोधायला लागले.

तो शब्द मी शेवटचा ऐकला तो हॉस्पिटलात, आणि तोही काकांच्या तोंडून नाही. काकूंना आत ठेवून नऊ दिवस झाले होते. दाराच्या काचेतून दिसायचे ते फक्त त्यांचे पाय, चादरीखाली. तरुण डॉक्टर बाहेर आला. भला मुलगा होता, त्याला धीरच द्यायचा होता. हसून म्हणाला, "काका, आज त्या बऱ्या आहेत, अ‍ॅपरंटली."

काका ताडकन उठले. जन्मात कधी चढला नव्हता तो आवाज चढला आणि बाकांवर बसलेली अख्खी ओळ वळून बघायला लागली.

"साहेब, हा शब्द मी बत्तीस वर्सं लिवला! पेटी उघडली नसली का लिवतात तो! तुमी उघडून पाहा ना जी, माही बायको आहे त्याच्यात!"