भरू नये अशी जखम

करमाडच्या शिवारात मेंढीला काटा लागो की लांडग्याचा दात, हाक म्हाळसाबाईलाच जायची. तिच्या हाताखालची जखम भरली नाही असं कधी झालं नाही, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. हळद-तेल लावायचं, खपली धरली की औषध बंद. त्यानंतरही औषध चोपडत बसणाऱ्यांना ती सरळ येडी म्हणायची.

दोन हजार तेराच्या दुष्काळात तिला काचबिंदू निघाला. उजवा डोळा तोवर गेलाच होता. डाव्यावर शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन केलं. आतलं पाणी बाहेर पडायला बारीक वाट केली आणि तिथं व्रण धरू नये म्हणून औषध लावलं.

"आजी, शरीर ही वाट बुजवायला बघतं. वरच्या पापणीखाली छोटा फुगवटा दिसेल, तो राहायलाच हवा. मी सांगेपर्यंत थेंब बंद करायचे नाहीत. वाट बुजली तर हाही डोळा जाईल."

"व्हय बाई," म्हाळसाबाई म्हणाली. पण डॉक्टरीण पडली तिच्या लेकीच्या वयाची. पोरीला जखमेतलं काय कळतंय, असं तिला मनातून वाटलंच.

सून सुकेशनी रोज पापणी उचलून थेंब घालायची. तेवढ्यात चराईचं माळरान कारखान्यांच्या कुंपणात गेलं, तळी आटली आणि सगळं बिऱ्हाड मेंढरं घेऊन पैठणकडं, धरणाच्या उघड्या पडलेल्या गाळावर निघालं. तपासणीची तारीख वाटेतच निघून गेली.

एका सकाळी सुकेशनी म्हणाली, "आत्याबाई, फुगा पार बसला की! लई गुळगुळीत झालंय."

"भरली म्हन की. ठेव ती बाटली."

"पर बाई म्हनल्या व्हत्या..."

"मेंढरं त्यांनी बरी केली का म्या?"

सुकेशनीनं बाटली गाठोड्यात ठेवली. ठेवायला नको होती, पण जखमेच्या बाबतीत सासूपुढं बोलायची तिची टाप नव्हती.

मग भुवईवर ठणका सुरू झाला. ऊन बाधलं म्हणून म्हाळसाबाईनं कपाळाला फडकं आवळलं. दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, तीही तिनं कुणाला सांगितली नाहीत. एके दुपारी ती नवऱ्यावर, कारभारीवर खेकसली, "ध्यान कुठंय तुमचं? निम्मी मेंढरं फाकली!"

कारभारीनं पाहिलं. मेंढरं तिच्या बाजूलाच चरत होती, तिला ती दिसतच नव्हती. त्यानं तिला पहिल्या एस.टी.त घातलं.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ डोळा तपासला. वाट व्रणानं बुजली होती आणि आतल्या दाबानं नस सुकत चालली होती. गेलेली नजर येणार नव्हती. उरलेली टिकवायची तर सुईनं तो व्रण फोडून पुन्हा औषध सोडायचं, आणि तेही साधेलच असं नाही.

"पन भरली तर चांगली व्हती," म्हाळसाबाई म्हणाली.

"म्हणूनच हे झालं, आजी."

म्हाळसाबाईनं चाचपडत डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात धरले.

"सुई टोचा, चिरा, काय बी करा बाई. पन आता हिला भरू देऊ नका."