लाल डब्याचा चोर

तुम्ही चहा पाजताय म्हणून सांगतो, नाहीतर ही गोष्ट मी सासुरवाडीतसुद्धा कुणाच्या कानावर जाऊ दिलेली नाही. चोर पकडायला निघालो होतो मी! पण थांबा, पहिल्यापासून ऐका.

मी मुळातच संशयी माणूस. भाजीवाल्यानं आपणहून दोन मिरच्या जास्त टाकल्या, की मी अख्खी पिशवी उलटीपालटी करून बघतो. याला काय झालं एवढं उदार व्हायला? बायको म्हणते, "अहो, तुम्ही आरशातसुद्धा डोळे बारीक करून बघता."

काम वाळूजच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचं, पण जीव अडकलेला गाडी चालवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये. त्यातल्या मूळच्या बसगाड्या सगळ्या परदेशी, गुळगुळीत. मग आमच्यासारखे हौशी लोक आपापल्या गाड्या, आपापले रस्ते बनवून त्यात घालतात. त्याला म्हणायचं मॉड. मी बनवला लाल डबा! फुलंब्रीहून शहरात येणारा. दीड वर्ष खपलो. खिडक्या खडखडतात, मागच्या सीटचा फोम बाहेर आलाय, ड्रायव्हरचं दार सुतळीनं बांधलंय. त्या सुतळीची गाठसुद्धा मी हातानं काढलीय हो!

आणि एवढ्या लाडक्या गाडीच्या माझ्याकडे प्रती किती? शून्य! लॅपटॉप दुरुस्तीला टाकताना दुकानदारानं चोरू नये म्हणून मीच सगळं पुसून दिलं होतं. म्हटलं, आमच्या मॉडवाल्यांच्या साइटवर आहेच की.

आणि ती साइटच बंद पडली.

चालवणारा कंटाळला. त्यानं सगळ्यांच्या गाड्या, स्टँड, हॉर्नचे आवाज, सगळा साठा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या नाझिया नावाच्या बाईंच्या हवाली केला. बाईंनी ग्रुपवर लिहिलं, "हे सगळं जपून नव्या जागी ठेवायचंय. पण वस्तू ज्याची त्याची. प्रत्येकानं परवानगीचा फॉर्म भरा. दुसऱ्यानं वापरलं तर चालेल का, बदललं तर चालेल का, सगळं लिहा. ज्याचा फॉर्म रविवारपर्यंत येणार नाही, त्याची वस्तू पुसून टाकीन."

आता तुम्हीच सांगा, सगळा माल हातात असताना कुणी परवानगी मागतं का? साधा चोर विचारत नाही. मग जो विचारतो तो केवढा मोठा चोर असेल! त्यात बाईंचा फोटो काय, तर गुलाबाचं फूल. चेहरा लपवायचं कारण काय?

कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर मिलिंद बसतो, तोही ग्रुपमध्ये आहे. तो म्हणाला, "भर की फॉर्म. माझं रेल्वे फाटक म्या कवाच दिलं."

"आणि बाईंनी परस्पर विकून टाकलं म्हणजे?"

"तुझा लाल डबा? अरं, खऱ्यात बसायला लोक नाय म्हणतेत, खोटा कोण इकत घेतंय?"

पण मी ठरवलं, बाईंची परीक्षा घ्यायची. घरी जुना फोन पडलेला होता. त्यातल्या नंबरावर मी गणेश नावाचा एक नवा माणूस जन्माला घातला आणि बाईंना मेसेज टाकला. "मॅडम, तो लाल डबा गुपचूप द्या ना. कुणाला कळत नाही."

"नाय देता येत. मालकाचा फॉर्म आला नाय."

"अहो, मी मालकाचा सख्खा भाऊ."

"फिर भाई को बोलो ना फॉर्म भरने कू. मेरेकू कायकू सताते?"

किती सरळ उत्तर! इतकं सरळ, की माझी खात्रीच पटली, बाई पोचलेल्या आहेत. मग मी हट्टालाच पेटलो. दोन दिवस विनवण्या केल्या, दमदाटी केली. शेवटी गणेशच्या नावानं लिहून टाकलं, "माझा भाऊ परवाच वारला. आता वारस मीच."

दहाच मिनिटांत माझ्या खऱ्या नंबरावर बाईंचा मेसेज! "सुधीरभाऊ, तब्येत बरी हाय ना? एक गणेश तुमची गाडी लाटायला बघतोय. तुम्ही वारलात म्हणतोय. सांभाळून राहा."

इथं तरी गप्प बसावं की नाही? पण मला वाटलं, हिला माझा डाव कळला आणि आता ही माझीच परीक्षा घेतेय! मी लिहिलं, "कोण हा नीच माणूस? ह्याला सोडू नका!"

झालं! बाईंनी सगळं ग्रुपवर टाकलं आणि ग्रुप पेटला. रविवारी दुपारी आमच्या गारखेड्यात चहाच्या हॉटेलात सगळ्यांनी जमायचं आणि गणेशला धरायचं असं ठरलं. नाझियाबाईही आल्या. शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. पिशवीतून त्यांनी एक हार्ड डिस्क काढली, पोराच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली. "सगळ्यांची मेहनत हाय हिच्यात," म्हणाल्या. मला लाज वाटली हो, खरंच. पण तोंड उघडायची हिंमत होईना. त्यामुळं सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडत होतो.

"लावा फोन त्या गणेशला!" कुणीतरी म्हणालं.

"लावा, लावा!" मीही म्हणालो. जुना फोन घरी. बंदच असणार.

बाईंनी स्पीकरवर लावला. दोनदा वाजला आणि उचलला गेला. "हॅलो! आणताय ना सिलिंडर?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"गणेश हाय का?" बाईंनी विचारलं.

"कोण गणेश? ताई, हा आमच्या ह्यांचा जुना नंबर. गॅसच्या बुकिंगपुरता चालू ठेवलाय. हे घरी नाहीत. कुणी मेला ह्यांची गाडी चोरतोय, त्याला धरायला गेलेत."

मिलिंदनं आवाज ओळखला. तो पुढं वाकून म्हणाला, "वहिनी, म्या मिलिंद."

"भाऊजी! सापडला का चोर?"

मिलिंद माझ्याकडं बघत राहिला. "व्हय वहिनी. सापडला."

पुढचं विचारू नका. हसून हसून एकाच्या नाकातून चहा आला. बाई मात्र हसल्या नाहीत. डिस्क जवळ घेऊन त्यांनी मोबाइलवर फॉर्म उघडला आणि माझ्यापुढं धरला. "भाऊ, आज आखरी दिन हाय. भरताय का पुसू?"

भरला. मुकाट्यानं भरला. पण स्वभावाला औषध नाही! सगळ्यांत कडक अट होती तीच निवडली. गाडी आणि गाडीसोबतची माहिती, दोन्ही जशीच्या तशी ठेवावी, एक अक्षरही कुणी बदलू नये.

"पक्कं? नंतर बदलत नाय," बाई म्हणाल्या.

"एकदम पक्कं!"

आता या जपणाऱ्या लोकांची एक पद्धत असते, मला कुठं ठाऊक? वस्तूसोबत तिचा खरा इतिहासही लिहून ठेवतात. संध्याकाळी लाल डबा नव्या जागी चढला. जो कुणी तो घेईल, त्याच्याकडं गाडीसोबत ही माहितीही आपोआप जाते. "बनवणारा: सुधीर, गारखेडा. चोरीचा प्रयत्न: एकदा. चोर: सुधीर, गारखेडा."

मी लगेच बाईंना फोन लावला. म्हटलं, हात जोडतो, ती शेवटची ओळ तेवढी काढा.

"कैसे काढू भाऊ? मालकानं लिहून दिलंय, एक अक्षर बदलायचं नाय म्हणून. आणि मालक लई संशयी माणूस हाय."