मामांचं ट्रेनिंग, ताईची मिश्री आणि उरणचा समुद्र

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कॉलेज अर्ध्यात सोडलं होतं आणि पेणमध्ये माझं बूड काही टिकत नव्हतं. त्यात आमचे डॉक्टर मामा म्हणाले, "वाशीला दोन दिवसांचं ट्रेनिंग आहे. कॅन्सर व्हायच्या आधीच कसा गाठायचा, ते आम्हा गावच्या डॉक्टरांना शिकवणार. स्कूटर तू चालव." कुठंतरी जायचंय एवढंच मी ऐकलं आणि निघालो.

कर्नाळ्याचा सुळका धुक्यात तरंगत होता. मी गाडी थांबवून बघत बसलो. "तो डोंगर आपल्याआधी वाशीला जाणार नाहीये," मामा म्हणाले. पळस्प्याला मिसळ खाल्ली (खा, पण तर्री जपून). पनवेल मागे पडलं आणि एकदम रुंद, रिकामे रस्ते लागले. कुणीतरी शहर मांडून ठेवलंय आणि माणसं आणायला गेलंय, असं वाटत होतं. लॉजचा खर्च नव्हता. वाशीजवळच्याच शिरवण्यात सुमनताई, माझी थोरली बहीण, दिलेली होती.

ट्रेनिंगला मी मागच्या खुर्चीत बसलो. एसी होता आणि जेवण फुकट, दुसरं कारण नाही. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "तिखट झोंबतं म्हणून पेशंट आला तर आधी तोंडात बघा, मग गोळी लिहा. पांढरा डाग दिसला तर पुसून बघा. पुसला गेला नाही तर पुढं पाठवा." मग डॉक्टर एकमेकांचीच तोंडं तपासू लागले.

"आ कर ना नीट!"

"घरी बायको बंद ठेव म्हणते, इथं तुम्ही उघड म्हणता!"

हॉलभर हसणं. मला खिडकीबाहेरच्या खाडीवर बगळे दिसत होते, बाकीचं अर्धंच ऐकलं.

रात्री ताईच्या घरी कोळंबीचं लालभडक कालवण होतं. ताई एकेक कोळंबी वाटीतल्या पाण्यात बुडवून खात होती.

"हिला हल्ली तिकटच नाय चालत," तिच्या सासूबाई म्हणाल्या. "शेरातली झाली माजी सून!"

सगळे हसले. मामांचा घास हातातच राहिला. पण समोर सासरे, दीर बसलेले. भाचीच्या सासरी, चारचौघांत 'तोंड उघड' म्हणायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी ट्रेनिंग दुपारीच संपलं. मी नेहमीसारखा म्हणालो, इतकं आलोय तर उरणचा समुद्र बघू. वाटलं, मामा ओरडतील. ते म्हणाले, "चल. सुमनलाही घे."

स्कूटरवर तिघं. मिठागरं उन्हात आरशांसारखी पडली होती आणि आपण जमिनीवरून चाललोय की आभाळावरून, ते कळत नव्हतं. दोनदा फाटा चुकलो. (स्वतः जाल तर विचारत जा. कंटेनरच्या मागे जाऊ नका, तो गोदामात नेतो.)

किनाऱ्यावर ऊन कलतं होतं. मामांनी ताईला समुद्राकडे तोंड करून बसवलं. "आ कर." सगळा मावळता उजेड तिच्या तोंडात. गालाच्या आत पांढरा डाग. मामांनी बोटाला रुमाल गुंडाळून पुसला. पुन्हा पुसला. तो तसाच.

"मामा, कॅन्सर आहे?"

"बघून नाही सांगता येत, बाळ. तुकडा काढून तपासावा लागेल. पण मिश्री आजपासून बंद."

मिश्री म्हणजे तव्यावर काळी भाजून कुटलेली तंबाखू. दात घासायच्या नावाखाली बायका हिरड्यांना चोळतात. ताई लग्नानंतर शिकली.

ताई लाटांकडे बघत म्हणाली, "आमची सासू-सुनेची डबी एकच आहे. सकाळी मागच्या पायरीवर आई आणि मी मिश्री लावत बसतो. तेवढा वेळ त्या सासू नसतात. नव्या शहरासाठी शेत गेलं तेव्हाचं, त्यांच्या माहेरचं, सगळं तिथंच बोलतात. नंतर दिवसभर हुकूम."

सकाळी मामांनी सासूबाईंना पायरीवरच गाठलं आणि सगळं सांगितलं. "तुम्हीही सोडा," म्हणाले. त्यांचंही तोंड बघितलं, डाग नव्हता.

सासूबाई डबीच्या झाकणाची उघडझाप करत राहिल्या. "मनजे आता ही माज्याजवल बसनार नाय?"

"बसेन ना आई. नुसती बसेन."

"नुसती बसून काय बोलाचं गं?"

परतीच्या वाटेवर कर्नाळ्याला मी थांबलो नाही.

ताईच्या डागाचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, पण लक्ष ठेवावं लागेल, दाखवत राहा, असं तिथले डॉक्टर म्हणाले. त्यानंतर मी कुठं कुठं भटकलो. कितीतरी किनारे एकमेकांत मिसळून गेले, उरणचा तेवढा वेगळा राहिला. शिरवण्याला गेलो की ताईला विचारतो, सासूबाईंची मिश्री सुटली का? नाही सुटली. सकाळी त्या अगोदर न्हाणीत जाऊन एकट्याच लावतात, खळखळून चूळ भरतात आणि मग पायरीवर येऊन बसतात.

"वास येतो रे," ताई म्हणते. "पण मी सरकून जागा देते."