शंभर मार्कांची जोडी

कोल्हापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी संगणकावर नोंदी करायला होतो. गावोगावच्या शिबिरांच्या रुग्णयाद्या एकत्र करायचं ठरलं आणि बाहेरून एक तज्ज्ञ साहेब आले. शहाणपण असं, की समोरच्यानं तोंड उघडायच्या आत यांची मान नकारार्थी हलायची.

त्यांनी एक तक्ता केला. डावीकडं लोकांनी लिहिलेलं, उजवीकडं बरोबर. हातकणंगले नऊ तऱ्हांनी लिहिलेलं होतं, ते झटक्यात सरळ झालं. इथवर ठीक. मग माणसांची पाळी. दोन नावं किती जुळतात याचे यंत्र शंभरपैकी मार्क देणार. साठ ते नव्वदच्या जोड्या मी तपासायच्या. नव्वदच्या वर गेली की माणूस एकच, जुनी नोंद आपोआप पुसायची. वयाचा रकाना त्यांनी वगळला. म्हणाले, "तुमच्याकडं कुणालाच स्वतःचं वय माहीत नसतं." या गृहस्थाला शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं नाव महिनाभरात माहीत झालं नव्हतं!

मी आठवडाभर साठ-सत्तरच्या जोड्या चिवडत बसलो. शंभरवाल्या कुणी उघडूनही पाहिल्या नाहीत.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या दिवशी हातकणंगल्याकडचे एक म्हातारबाबा सुनेचा हात धरून आले. दोन्ही डोळे गेलेले. एकत्र केलेल्या यादीत नाव होतं, वय तेवीस, तक्रार खरजेची.

"त्यो माझा नातू की," बाबा म्हणाले. "माझंच नाव ठेवलंय त्याला. मी हितं उभा हाय न्हवं?"

आमच्याकडं थोरल्या नातवाला आजोबांचं नाव देतात. पिढ्यान्‌पिढ्या तेच चालतं, म्हणून आजा-नातवाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं तंतोतंत एक. शंभरपैकी शंभर.

मी साहेबांकडं पाहिलं. "एखाद-दुसरं होतंच," ते मोबाईलवरून नजर न उचलता म्हणाले. मला त्यांची किळस आली.

पण वयाचा रकाना वगळताना मी शेजारीच बसलो होतो. मला माझ्या आजोबांचं नाव आहे, बापाला पणजोबांचं. मला सगळं कळत होतं आणि मी गप्प बसलो.

"मग ह्या वर्साला न्हाय व्हय?" बाबांनी माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड करून विचारलं.

त्या दिवसाच्या शस्त्रक्रियांची छापील यादी माझ्यापुढं होती, खिशाला पेन होतं. खाली एक ओळ लिहायची होती, एवढंच.

"सिस्टीममध्ये नाव नाही, आजोबा," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी या."